तुकड्यातुकड्यांनी जुळणारा नकाशा



सुटे भाग जुळवून चित्र पुरे करण्याचा खेळ आज दुकानातून खोक्यात बंद होऊन येतो. त्याचा उगम मात्र भूगोलाच्या अभ्यासात आहे. 1760 च्या दशकात लंडनमधील नकाशांचे कोरीवकार जॉन स्पिल्सबरी यांनी लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि तो देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी देश हाताने जोडावेत, हा हेतू. 'जिगसॉ' हे नाव पुढे करवतीवरून पडले.

भिलाईतील मराठी घराला असे कोडे करण्यासाठी नकाशाहून योग्य चित्र सापडणे कठीण. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच मध्य प्रदेशात होते. राजधानीही नागपूरच होती. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दोहोंमध्ये सीमारेषा आली. येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. त्या वेळी येथे आलेल्या पिढीने 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड, असे दोन्ही तुकडे नकाशावर आकार घेताना पाहिले. नातवंडांसमोर हा नकाशा कापताना आजोबांना वेगळी गोष्ट शोधावी लागत नाही.

घराबाहेर हिंदी, अभ्यासात वाढती इंग्रजी, अशा ठिकाणी मराठी बहुधा 'जेवलास का' आणि 'उशीर का झाला' एवढ्यापुरती उरते. तेवढ्यावर भाषा टिकत नाही. कोडे जुळवताना मात्र कड, कोपरा, खाच, फट, तिरपा, उलटा, किंचित सरकव, असे शब्द ओघाने येतात. ते पाठ करावे लागत नाहीत.

कृती सोपी आहे. घाई तेवढी चालत नाही. जाड, सपाट पुठ्ठा घ्यावा. जुन्या वहीचे पाठपान चालते, लग्नपत्रिकेचा कागद पातळ पडतो. मैद्याची खळ पातळ व सारखी पसरून नकाशा लावावा आणि मधून कडेकडे हात फिरवून हवा काढावी. ओला कागद सुकताना आकसतो आणि पुठ्ठा वाकतो. म्हणून मागच्या बाजूसही साधा कागद चिकटवावा. हीच पायरी बहुतेक घरांत वगळली जाते आणि मग तुकडे बसत नाहीत. रात्रभर जड ग्रंथांखाली ठेवावे. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याचाही येथे उपयोग होतो. कापण्याच्या रेषा मागे पेन्सिलीने आखाव्यात. धारदार पात्याचे काम मोठ्यांनीच करावे. एका दाबात कापू नये, त्याच रेषेवरून दोन-तीनदा पाते हलके फिरवावे. चार वर्षांच्या मुलास सहा मोठे तुकडे पुरेत. त्याहून लहान मूल घरात असल्यास बारीक तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नयेत. गोवा-सिक्कीमसारखी छोटी राज्ये शेजाऱ्याला जोडूनच ठेवावीत, अन्यथा ती केरात जातात. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर राज्याचे नाव मुलाच्याच अक्षरात, मराठीत असावे.

एखादा तुकडा हरवलाच, तर उरलेला नकाशा जुळवून रिकाम्या जागेवर पातळ कागद ठेवावा आणि पेन्सिल आडवी धरून कडांवरून घासावी. आकार उमटतो. तो पुठ्ठ्यावर उतरवून नवा तुकडा कापता येतो. रंग मूळचा मिळाला नाही तरी हरकत नसते.