गाडीचे पिवळे पडलेले दिवे
(वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी दारात रांगोळी घालते, नाहीतर अल्पोपाहाराच्या बशा भरते. बोलायला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे. विषय ऐकून कुणाला हसू येईल, म्हणून तो का घेतला ते आधी सांगते.

२०२३ सालच्या डिसेंबरात आम्ही नणंदेच्या गावाहून रात्री परत येत होतो. उसाचा हंगाम चालू होता. हे गाडी चालवीत होते, मी शेजारी, मागे सासूबाईंना डोळा लागलेला. वळण घेतले आणि उसाने भरलेली बैलगाडी अगदी पुढ्यात आल्यावरच दिसली. तिच्या मागून एक बाई तान्हे मूल घेऊन चालत होती. यांनी जोराने ब्रेक दाबला. देवाची कृपा, गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली. ती बाई काही बोलली नाही. मुलाला छातीशी धरून कडेला सरली. घर येईपर्यंत आम्हीही कुणी बोललो नाही.

यांना वाटले, आपली नजर अधू झाली. डोळे तपासले, तर चष्म्याचा नंबर होता तोच. मग एका रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावले. भिंतीवर चिमणीसारखा मिणमिणता उजेड! दोष दिव्यांचाच होता. बारा वर्षांच्या गाडीचे दिवे हळदीच्या हातासारखे पिवळे झाले होते आणि आम्ही रोज पाहूनही ते पाहिले नव्हते.

मी लगेच दंतमंजनाची पेस्ट घेऊन दिवे घासले. छान चकाकले. मी सगळ्या आळीला सांगत सुटले. दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! तेव्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मुलगा म्हणाला, "काकू, ही काच नव्हेच. हे प्लॅस्टिक आहे."

जुन्या अँबॅसडर, पद्मिनी या गाड्यांचे गोल दिवे काचेचे असत. आताच्या दिव्यांवर पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. उन्हापासून जपण्यासाठी कारखान्यातच त्यावर पातळ थर देतात. वर्षानुवर्षे ऊन लागून तो थर झिजतो, तडकतो आणि खालचे प्लॅस्टिक पिवळे पडते. पेस्टने वरचा मळ जातो, पण गेलेला थर परत येत नाही.

आता रीत सांगते. दिवे बंद आणि थंड असावेत, गाडी सावलीत असावी. साबणाच्या पाण्याने दिवे धुऊन घ्यावेत. भोवतालच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून मास्किंग टेप लावावी. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. त्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक; आधी रवा, मग कणीक, मग मैदा असे समजा. ८००, मग १५००, मग २००० नंबरचा घ्यावा. कागद आणि दिवा दोन्ही सतत ओले ठेवून हलक्या हाताने घासावे. एका नंबरने आडवे घासले तर पुढच्याने उभे, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. पहिल्या घासणीत पिवळे पाणी निघते आणि दिवा पांढरा धुरकट होतो. माझ्या तर पोटात गोळा आला होता. पण तेथे थांबू नये. पाणी पिवळे यायचे थांबेपर्यंत घासावे, मग पुढचा नंबर घ्यावा.

शेवटी दिवा धुऊन, वाळवून, स्पिरिटने पुसावा. त्यावर हेडलाइटसाठी मिळणारा, उन्हापासून जपणारा पारदर्शक स्प्रे दोन-तीन पातळ हातांनी मारावा. हे काम उघड्यावर, नाकाला फडके बांधून आणि विस्तवापासून दूर करावे. एक दिवस वाळू द्यावे. धुरकटपणा या थराखाली नाहीसा होतो. स्प्रे नसेल तर रबिंग पॉलिशने चकाकी आणून मेण लावता येते, पण ते मेण वरचेवर लावावे लागते.

डास पळवायचे औषध चोळले की दिवा स्वच्छ होतो, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. ते प्लॅस्टिक मऊ करून खराब करते. पाणी किंवा धूळ दिव्याच्या आत गेली असेल तर बाहेरून घासून उपयोग नाही; गॅरेज गाठावे.

मला एक दुपार लागली. रात्री पुन्हा भिंतीसमोर दिवे लावले. भिंतीवरची मुलांनी मारलेली चेंडूची खूणसुद्धा दिसली. सासूबाई म्हणाल्या, "देवापुढची समई रोज घासतेस, ही कशी राहिली गं?"

भगिनींनो, आपण गाडी चालवीत असू वा नसू, आपली माणसे रात्री त्याच दिव्यांवर घरी येतात. आणि रस्त्याने कुणाचे तरी लेकरू पायी जात असते. आज घरी गेल्यावर गाडी एकदा भिंतीसमोर उभी करून पाहा. कुणाला जमले नाही तर मला हाक मारा. वॉटर पेपर माझ्या घरी शिल्लक आहे.