आधी ऐकावे, मग सुधारावे
(इंदुरात शालेय शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी मानसशास्त्राची अभ्यासक नाही. माझे शिक्षण साहित्याचे आणि नोकरी मराठी शिकवण्याची. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी नकारच देणार होते. मग एक जुनी वही आठवली आणि वाटले, निदान आपली चूक तरी तुमच्यापुढे मांडावी.

महाविद्यालयात येण्यापूर्वी मी काही वर्षे इथल्याच एका शाळेत शिकवीत होते. नववीतल्या एका मुलाने निबंधात लिहिले, ‘माझे घरी मन लागत नाही.’ आपल्या इंदुरी मराठीचा हा नेहमीचा नमुना. हिंदीतले ‘मन नहीं लगता’ जसेच्या तसे मराठीत आलेले. मी लाल शाईने ते खोडून वर ‘करमत नाही’ असे लिहिले. पुढच्या निबंधात वाक्य आले, ‘शाळेतही मन लागत नाही.’ मी पुन्हा दुरुस्त केले. तिसऱ्या वेळी समासात शेरा मारला, ‘तीच चूक पुन्हा!’

काही आठवड्यांनी तो शाळेत येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की, घरी आईवडिलांचे बिनसले होते, आई माहेरी निघून गेली होती आणि हा रात्र रात्र जागा असायचा. शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, “मॅडम, तो तर दोन महिन्यांपासून मधल्या सुट्टीत टाकीमागे एकटाच बसायचा. डबा तसाच परत न्यायचा.” मावशींनी हे पाहिले होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. मला तर त्याने तीनदा लिहून कळवले होते आणि तिन्ही वेळा मी फक्त भाषा तपासली होती. उपचार मिळाले, मुलगा सावरला, एक वर्ष मागे पडला तरी दहावी झाला. त्यात माझा काही वाटा नव्हता.

मित्रहो, मुले ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाहीत. लहान मुलगी म्हणते, पोटात दुखतेय. कोणी म्हणते छातीत धडधडते, जीव घाबरतो, डोके बधिर झालेय. मोठी मुले ‘टेन्शन’ या एका शब्दात परीक्षेच्या धास्तीपासून घरातल्या भांडणापर्यंत सारे काही कोंबतात. कुणी काहीच बोलत नाही, नुसते चिडते किंवा अक्षर बिघडते. आपल्या शहरांतल्या मराठी मुलाची आणखी एक अडचण आहे. तो आजीशी मराठीत बोलतो, मित्रांशी हिंदीत आणि शाळेत इंग्रजीत. दुःख कुठल्या भाषेत सांगायचे, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. अशा वेळी जी भाषा येईल ती मोडकीतोडकीच येणार.

प्रश्न किती मोठा आहे, हे सांगायला एकच आकडा पुरे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. यात महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत. कुठल्याही आत्महत्येमागे एकच कारण नसते. म्हणून ‘नापास झाला म्हणून’ असे सोपे उत्तर देऊन आपण मोकळे होऊ नये.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये आणि कोचिंग क्लासेस या सर्वांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये. आणखी एक सूचना मला विशेष मोलाची वाटते : वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे ते शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही. ते वाचताना मला टाकीजवळच्या मावशी आठवल्या.

समुपदेशक नेमला म्हणजे आपले काम संपले, असे मात्र नाही. त्याच्या खोलीपर्यंत मूल आपण होऊन क्वचितच जाते. वही आपल्या हातात येते, हजेरी आपण घेतो. म्हणून भाषाशिक्षक या नात्याने चार गोष्टी सुचवते. वहीत काही खटकले तर लाल पेन बाजूला ठेवावे आणि मुलाला एकटे गाठून विचारावे, “तू हे लिहिलेस, ते खरेच तसे वाटते का?” तो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ऐकावे, लगेच उपदेश करू नये, ‘यात काय एवढे’ असे म्हणू नये. जगावेसे वाटत नाही असा सूर दिसला तर तसे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. “तुला मदत होईल अशाच माणसाला सांगेन, आणि तुला सांगून सांगेन,” एवढे म्हणावे. असा धोका दिसला तर मुलाला एकटे सोडू नये. समुपदेशकाला, मुख्याध्यापकांना आणि घरच्यांना त्याच दिवशी कळवावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक फलकावर लिहून ठेवावा.

आपण डॉक्टर नाही आणि होण्याचा प्रयत्नही करू नये. आपले काम वेळेवर ऐकण्याचे आणि योग्य हातात सोपवण्याचे आहे.

महाराष्ट्राबाहेर मराठी टिकवण्याची चिंता आपण सगळेच करतो. शुद्धलेखनाची मीही करते, आजही करते. पण मुलाला आपले दुखणे मराठीत सांगावेसे वाटले आणि ते ऐकून घेणारे कोणी भेटले, तर ती भाषा त्याच्यापाशी राहील. ‘करमत नाही’ हा शब्द त्याला नंतरही शिकवता येतो.