संकेतस्थळ अडते तेव्हा ब्राउझरमध्ये काय पाहावे

संकेतस्थळ अडले की दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो. ज्या संगणकावर ते संकेतस्थळ ठेवलेले असते तिथे, मधल्या इंटरनेट जोडणीत, किंवा पाहणाऱ्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये. पहिल्या ठिकाणी घरी बसून काहीच करता येत नाही, दुसऱ्या ठिकाणी थोडे करता येते आणि तिसऱ्या ठिकाणी जवळजवळ सगळेच. म्हणून सेटिंग्जना हात लावण्यापूर्वी दोष कुठे आहे हे ठरवणे हे निम्मे काम असते, आणि नेमके तेच घाईत राहून जाते.

पडद्यावरचा संदेश नीट वाचला तर बराच उलगडा होतो. पाचशे, पाचशे दोन, पाचशे तीन असा आकडा दिसला तर दोष पलीकडच्या संगणकाचा आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला हजारो लोक एकदम येतात तेव्हा हाच आकडा दिसतो. अशा वेळी सेटिंग्ज बदलून उपयोग नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे पुन्हा पाहावे. चारशे चार म्हणजे ते पान त्या पत्त्यावर राहिलेले नाही. जुनी जपून ठेवलेली लिंक सोडून मुखपृष्ठापासून सुरुवात करावी. यांपैकी काही नसेल तर फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडून पाहावे. तिथे उघडले तर अडचण बहुधा घरच्या ब्रॉडबँडची आहे.

दोन्हीकडे उघडत नसेल किंवा अर्धवट उघडत असेल, तर ब्राउझरची खासगी खिडकी हे सर्वांत चांगले तपासणीचे साधन आहे. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी. ही खिडकी गुप्ततेसाठी आहे असा सर्वसाधारण समज आहे, पण दुरुस्तीच्या कामात तिचे मोल वेगळेच आहे. तिच्यात जुन्या कुकीज नसतात, साठवलेल्या जुन्या प्रती नसतात आणि बाहेरून जोडलेली एक्स्टेन्शन्स सहसा बंद असतात. जे संकेतस्थळ नेहमीच्या खिडकीत अडते आणि खासगी खिडकीत सुरळीत चालते, त्याचा दोष या तिन्हींपैकी एकात आहे हे तिथल्या तिथे ठरते.

कुकी ही संकेतस्थळाने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ही युक्ती काढली. लॉगिन टिकते ते तिच्यामुळे, आणि लॉगिन पुन्हा पुन्हा तुटते तेही बऱ्याचदा जुन्या किंवा बिघडलेल्या कुकीमुळे. पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, तरी पान फिरून लॉगिनवरच येते, हे तिचे ठरलेले लक्षण. उपाय सोपा आहे, पण इथेच मोठी गफलत होते. लोक ब्राउझरची सगळी साठवण एका झटक्यात पुसतात, दिसेल त्या चौकटीत खूण करतात, आणि सगळ्या संकेतस्थळांवरून बाहेर पडतात. कधी साठवलेले पासवर्डही जातात. तसे करण्याची गरज नसते. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला एक लहान चिन्ह असते. पूर्वी तिथे कुलूप दिसे. क्रोमने २०२३ मध्ये त्या जागी दोन सरकपट्ट्यांचे चिन्ह आणले. त्यावर क्लिक केल्यावर कुकीज आणि साइट डेटा असा पर्याय येतो. तिथून फक्त त्या एका संकेतस्थळाच्या नोंदी पुसाव्यात, बाकी काही हलवू नये.

जुन्या प्रतींचे, म्हणजे कॅशेचे, काम त्याहून सोपे. पान लवकर उघडावे म्हणून ब्राउझर त्याचे भाग जपून ठेवतो. निकालाच्या दिवशी शेजारच्या घरी निकाल दिसतो आणि आपल्याकडे मात्र कालचेच पान दिसत राहते, त्यामागे बहुधा ही जुनी प्रत असते. विंडोज संगणकावर कंट्रोल आणि एफ पाच दाबल्यास ब्राउझर जुनी प्रत बाजूला ठेवून पान नव्याने आणतो. पैसे भरण्याच्या पानावर मात्र ही कळ कधीही दाबू नये. व्यवहार दुसऱ्यांदा पाठवला जाण्याचा धोका असतो. आधी बँकेच्या खात्यात पैसे वजा झाले का ते पाहावे.

एक्स्टेन्शन्समध्ये सर्वाधिक त्रास जाहिराती अडवणाऱ्यांचा होतो. जाहिरात समजून ती कधी अर्जाचे बटण किंवा पैसे भरण्याची चौकटच गाळून टाकतात. एकेक बंद करून पान पुन्हा उघडावे, म्हणजे नेमके कोणते ते कळते.

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत आणखी एक अडचण हमखास भेटते, आणि तिच्याबद्दल फारसे कुणी सांगत नाही. कन्नड सहज बोलता येते, पण वाचायला लिपी सरावाची नाही, अशी इथे अनेक घरे आहेत. कन्नड पान उघडले की क्रोम भाषांतर सुचवतो, आणि मराठीत पान दिसू लागले की हायसे वाटते. वाचण्यासाठी ही सोय उत्तम आहे. अर्ज भरण्यासाठी ती धोक्याची आहे. जमिनीच्या नोंदींचे उदाहरण घ्यावे. कर्नाटकातल्या या नोंदी भूमी प्रकल्पातून संगणकावर आल्या, आणि ज्याला सरकारी भाषेत आरटीसी किंवा पहाणी म्हणतात त्याला या भागात अजूनही उतारा म्हणतात. उतारा पाहताना जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, सरनॉक, हिस्सा असे एकामागून एक निवडावे लागते. प्रत्येक निवडीनंतर पुढची यादी पानावर नव्याने येते. भाषांतर चालू असते तेव्हा ब्राउझर मूळ मजकूर काढून तिथे स्वतःचा मजकूर बसवतो. पानामागचा प्रोग्राम आपला मूळ भाग शोधायला जातो आणि तो जागेवर नसतो. मग यादी रिकामी राहते, बटण दाबले तरी काही होत नाही, किंवा पान पांढरे पडते. गावांच्या नावांचेही भाषांतर होऊन ती ओळखू येईनाशी होतात.

यावर उपाय असा. पत्त्याच्या पट्टीतल्या भाषांतराच्या चिन्हावरून पान मूळ भाषेत परत आणावे आणि या साइटचे भाषांतर कधीही करू नका हा पर्याय निवडावा. कर्नाटक सरकारच्या बऱ्याच संकेतस्थळांवर वरच्या कोपऱ्यात इंग्रजीचा पर्याय असतो. तो संकेतस्थळाचा स्वतःचा असल्याने त्याने काही मोडत नाही. तरीही मजकूर मराठीत समजून घ्यायचा असेल तर दोन खिडक्या ठेवाव्यात. एकीत भाषांतर करून वाचावे, दुसरीत मूळ पानावर अर्ज भरावा.

वीजबिलाच्या वेळी भेटतो तो पॉप-अपचा अडसर. हेस्कॉम, म्हणजे हुबळी वीजपुरवठा कंपनी, धारवाडसह बेळगाव, गदग, हावेरी, उत्तर कन्नड, बागलकोट आणि विजयपूर या जिल्ह्यांना वीज पुरवते, आणि तिची बिले आता घरोघरी मोबाइलवरून भरली जातात. कोणत्याही संकेतस्थळावर बिल भरल्यावर पावती किंवा बँकेचे पान वेगळ्या खिडकीत उघडत असेल, तर ब्राउझर ती जाहिरात समजून अडवू शकतो. अडवल्याची खूण संगणकावर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला आणि फोनवर छोट्या पट्टीच्या रूपात येते. परवानगी द्यायची ती त्या संकेतस्थळापुरतीच. सगळ्यांना एकदम मोकळीक देणे म्हणजे फसव्या जाहिरातींना दार उघडणे होय.

पैसे भरताना एका संकेतस्थळावरून दुसऱ्याकडे जावे लागते, आणि तिथे तिऱ्हाइताच्या, म्हणजे उघडलेल्या पानाच्या नव्हे तर दुसऱ्याच संकेतस्थळाने ठेवलेल्या, कुकीजचा प्रश्न येतो. सफारी २०२० पासून त्या पूर्णपणे अडवते. क्रोमची खासगी खिडकीही त्या अडवते, म्हणून वर सांगितलेल्या तपासणीला एक अपवाद राहतो: नेहमीच्या खिडकीत चालणारे आणि फक्त खासगी खिडकीत अडणारे संकेतस्थळ बिघडलेले नसते.

जोडणी खासगी नाही, असा लाल इशारा आला की बहुतेक जण घाबरतात किंवा तसेच पुढे जातात. त्याआधी संगणकाचे घड्याळ पाहावे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे मुदतीचे प्रमाणपत्र असते. ब्राउझर त्या मुदतीशी संगणकाची तारीख ताडून पाहतो. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग चांगल्या चालणाऱ्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही ब्राउझरला अमान्य ठरतात. २०२० च्या सप्टेंबरपासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस झाली. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस आणि २०२९ मध्ये ४७ दिवस असे ठरले आहे. मुदत जितकी आखूड, तितकी घड्याळातली चूक लवकर नडणार. तारीख आपोआप ठरवण्याची सेटिंग चालू करावी आणि सेल बदलून घ्यावा. तो स्वस्तात मिळतो. तारीख बरोबर असूनही बँकेच्या किंवा सरकारी पानावर इशारा येत असेल तर तिथे काहीही टाइप करू नये. या एका बाबतीत सेटिंग सैल करणे हा उपाय नाही.

जुन्या संगणकांचा प्रश्न त्याला लागूनच आहे. विंडोज सातवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून ती सोय संपली. अशा संगणकावर नवी संकेतस्थळे मोडकीतोडकी दिसतात आणि कोणतीही सेटिंग त्यावर चालत नाही. उलट गाऱ्हाणे ठेकेदार आणि हिशेबनिसांचे असते. त्यांची काही जुनी संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररसाठी बांधलेली असतात, आणि तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्यांच्यासाठी एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझर या विभागात इंटरनेट एक्सप्लोरर मोडची परवानगी आहे. ती देऊन तेवढेच पान त्या मोडमध्ये उघडावे.

जोडणी दुसऱ्या देशातून वळवणारे व्हीपीएन चालू राहिले असेल तर हुबळीतला माणूसही संकेतस्थळाला परदेशातला वाटतो, आणि काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मुलाला घरचा उतारा दिसत नाही तो कधी कधी याच कारणाने. त्याने सेटिंग्जशी झगडण्यापेक्षा धारवाडच्या नातेवाइकाकडून काम करून घ्यावे. कॅमेरा, ठिकाण आणि सूचना यांच्या परवानग्या पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या, कुकीज पुसण्यासाठी वापरलेल्या त्याच चिन्हाखाली असतात. छायाचित्र काढून घेणारे संकेतस्थळ अडले तर कॅमेऱ्याची परवानगी पाहावी. सूचनांची परवानगी मात्र कुणालाही सहसा देऊ नये.

अडचण सुटत नाही म्हणून मदतीचा क्रमांक शोधयंत्रात शोधणे हे सर्वांत महागात पडते. तिथे फसवणूक करणाऱ्यांचे क्रमांकही असतात, आणि पलीकडचा माणूस संगणकाचा ताबा देणारे ॲप उतरवून घ्यायला सांगतो. क्रमांक बिलावरून, पासबुकावरून किंवा मूळ संकेतस्थळावरून घ्यावा. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

हे सर्व करूनही पान अडत असेल तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये एकदा पाहावे. तिथे चालले तर पहिल्याच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय उरतो. क्रोममध्ये त्याने एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि कुकीज जातात. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात. दुसऱ्या ब्राउझरमध्येही चालले नाही तर पडद्याचे छायाचित्र, संदेशाचे नेमके शब्द आणि वेळ लिहून ठेवून संबंधित कार्यालयाला कळवावे, आणि काम तातडीचे असेल तर सरकारी सेवा देणारे कर्नाटक वन केंद्र गाठावे.