मेंदुमृत्यु आणि आपली भीति
(महोत्सवानिमित्त सांडोर येथें दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदांत मी मरणाचा विषय काढीत आहें, याची प्रथम क्षमा मागतें. मी डॉक्टर नव्हे. अतिदक्षता विभागांत बरींच वर्षें काढलेली परिचारिका आहें. मध्यंतरीं एका मयताच्या घरीं एका वृद्ध मावशींनीं मला बाजूस घेऊन विचारलें, “बाय, छाती हालत होती, अंग ऊन होतें, आणि डॉक्टर म्हणाले, मेला. आम्हीं कसें मानावें?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाहीं. असा ऊन हात हातांत धरून त्याला मृत म्हणतांना माझीही जीभ अडखळली आहे.

हृदयाचे ठोके हृदयांतूनच उत्पन्न होतात. त्याला मेंदूची आज्ञा लागत नाहीं. श्वासाचें तसें नव्हे. त्याची आज्ञा मानेच्या वर, मेंदूच्या देठांतून येते. तो देठ कायमचा नष्ट झाला कीं श्वास संपला. यंत्रानें हवा भरीत राहिलें तर हृदय कांहीं काळ चालतें, एवढेंच.

येथें पुष्कळजण केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग हिचें उदाहरण देतात. १९७३ सालीं तिच्यावर अत्याचार झाला, आणि २०१५ सालीं मृत्यु येईपर्यंत ती त्याच रुग्णालयांत होती. ‘मग तीही मेलेली होती काय?’ असें विचारतात. नव्हती. ती स्वतः श्वास घेत होती. सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ च्या निकालांत ती मेंदुमृत नसल्याचें स्पष्ट सांगितलें. माझ्या व्यवसायभगिनींनीं केलेली सेवा एका जिवंत स्त्रीची सेवा होती. दीर्घ बेशुद्धि आणि मेंदुमृत्यु यांची गल्लत हेंच आपल्या भीतीचें मोठें मूळ आहे.

१९९४ च्या कायद्यानें हा निर्णय चार डॉक्टरांवर सोंपविला. अवयव बसविणाऱ्यांपैकीं त्यांत कोणी नसतो. झोपेचें औषध किंवा अति गारठा यांचा हा परिणाम नाहीं ना, हें आधीं पाहतात. मग डोळ्यांत प्रकाश, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानांत बर्फाचें पाणी, घशांत नळी. शेवटीं श्वासयंत्र सोडवितात, प्राणवायु मात्र चालू ठेवतात, आणि छातीकडे पाहत राहतात. रक्तांत कर्बवायु वाढत जातो. देठांत जीव असेल तर अशा वेळीं श्वास घेतल्यावांचून राहवत नाहीं. त्या मिनिटांइतकी शांतता मीं देवळांतही क्वचित् अनुभविली आहे. कमींत कमी सहा तासांनीं हें सर्व पुन्हां करतात.

मरणाचा क्षण ठरविणें वैद्याचें काम आहे, असें पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालीं सांगितलें. २००० सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं हा निकष मान्य केला, पण तो कांटेकोरपणें लावला तरच. ही अट मला फार मोलाची वाटते. स्पष्ट संमतीवांचून अवयव घेणें ख्रिस्तसभेला मान्य नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

२०१६ सालीं मुंबईंत बनावट पत्नी उभी करून मूत्रपिंडाचा व्यवहार केल्याचें प्रकरण उघडकीस आलें, डॉक्टरांना अटकही झाली. तें जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाचें प्रकरण. पण लोकांचा विश्वास सरसकट उडाला, आणि त्याबद्दल लोकांस दोष देववत नाहीं.

संत थॉमस यांनीं जखमा पाहिल्यावांचून मानणार नाहीं म्हटलें, तेव्हां प्रभूनें त्यांना दूर केलें नाहीं, जखमा पुढें केल्या. तुमच्या घरावर असा प्रसंग आला तर तुम्हींही विचारा: दोन्ही चाचण्या केव्हां झाल्या? सह्या कोणाच्या? समजेपर्यंत विचारा. त्यानंतरही ‘नाहीं’ म्हणावेंसें वाटलें तर तो तुमचा हक्क आहे.

त्या मावशींनीं सर्व ऐकून घेतलें. मग हळूच विचारलें, “देह परत देतात ना? मिस्सेला पेटी उघडी ठेवतां येते?” देतात, मावशी, नीट टांके घालून, स्वच्छ करून देतात. पेटी उघडी ठेवतां येते.