पाऊस ऐकवू नका





पदवीधर मित्रांनो, फर्दापूरला बोलायचं तर अजिंठ्याला वगळता येत नाही. वाघूरच्या काठी भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामासाठी आणि साधनेसाठी डोंगर कोरला गेला. आज तिथे गर्दीच्या श्वासातल्या ओलाव्यामुळे चित्रांना धोका आहे, म्हणून रंगीत लेण्यांत माणसं मोजून सोडतात. ध्यानाची यंत्रं बनवताना श्वास मोजण्यातच माझंही आयुष्य गेलं. फक्त माझ्या हातात छातीचा पट्टा आणि बोटाला लावायचा सेन्सर होता.

ध्यानाला यंत्र जोडणं ही परदेशातली कल्पना, असं आमच्या परिषदांमध्ये अजून सांगतात. मला त्याचा राग येतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, शेजारच्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक होते. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय घडतं, हे त्यांनी बडोद्याला क्ष-किरणांखाली तपासलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. माझ्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या एकाही पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं.

आमचं काम तसं सरळ. श्वास घेताना हृदय थोडं भरभर चालतं, सोडताना सावकाश. मिनिटाला सहाएक श्वास घेतले की बहुतेकांत हा फरक ठळक होतो. बोटात उजेड सोडून हा फरक टिपायचा आणि आवाजात किंवा चित्रात बदलून त्या माणसालाच परत दाखवायचा.

एकदा दिवाळीनंतर सोयगाव तालुक्यात बायकांच्या एका गटाबरोबर चाचणी होती. श्वास संथ झाला की कानात रिमझिम पाऊस वाजायचा. एका मावशींची नाडी उतरली, पाऊस सुरू झाला आणि नाडी सरसर चढली. त्यांनी हेडफोन काढून ठेवला. “भाऊ, कापूस उघड्यावर पडलाय अन् तुम्ही पाऊस ऐकवता?” मग निवांत कशाने वाटतं, असं विचारलं. “रात्री लाइट आली अन् मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, की डोळा लागतो.” मी तसा अहवाल दिला. वरून उत्तर आलं, आवाजांचा करार झालाय, आता बदल नाही. तो पाऊस तसाच विकला गेला. आमच्या धंद्यात माणसाला विचारायचं काम सगळ्यात शेवटी येतं, आणि बहुधा तोवर पैसे संपलेले असतात.

पुढे तर आमचं ॲप शांततेला शंभरपैकी गुण द्यायला लागलं. काल ८२ होते, आज ७४ का, या काळजीने माणसं डोळे मिटायची. इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात फोन जमा करून घेतात. आम्ही ध्यानासाठी फोन हातात दिला.

माझं तुम्हाला एकच कळकळीचं सांगणं आहे. तुमचं यंत्र काही आठवड्यांत अंगावरून उतरलं पाहिजे. माणूस रोज किती वेळा ॲप उघडतो, हे कंपनी तुम्हाला विचारेल. तुम्ही मात्र तपासा, की पट्टा काढल्यावर तो दहा मिनिटं स्वतःजवळ बसू शकतो का. बसू शकत नसेल, तर यंत्र फसलं, मग विक्री कितीही होवो. हे मी प्रत्येक बैठकीत बोललो आणि बहुतेक वेळा हरलो. तुम्ही हरू नका.

अशी चाचणी कोणी करणार असेल, तर मला कळवा. सोयगावच्या त्या बायका आजही तयार आहेत. फक्त कापूस वेचणीच्या दिवसांत जाऊ नका.