आधी गढ्या रिकाम्या, मग सही

(कामगार अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पोस्टातील आमच्या एका साथीला तिकिटे जमवण्याचा नाद आहे. त्यांच्या वहीत अमेरिकेचे १९८७ सालचे दहा सेंटचे एक तिकीट आहे. त्यावर एका आदिवासी पुढाऱ्याचा चेहरा असून नाव लिहिले आहे रेड क्लाउड, म्हणजे तांबडा ढग. हा माणूस ज्या सरकारशी उभा जन्म भांडला, त्याच सरकारने पुढे त्याला पाकिटावर चिकटवला! आजच्या वर्गाला आम्ही हाच विषय घेतला आहे. करार कसा करावा आणि झालेला करार कसा मोडला जातो, या दोन्ही गोष्टी या एका आयुष्यात पाहायला मिळतात.

रेड क्लाउड हे सू लोकांपैकी. हे लोक स्वतःला लाकोटा म्हणवतात आणि त्यांच्यातील ओगलाला शाखेत १८२२च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले, मामाने वाढवले. पुढारीपण वडिलांकडून आयते मिळाले नव्हते, लोकांनी पारखून दिले होते.

माँटानात सोने सापडले आणि पावडर नदीच्या खोऱ्यातून, लाकोटांच्या शिकारीच्या मुलखातून, गोऱ्या लोकांच्या गाड्या धावू लागल्या. या वाटेला बोझमन ट्रेल म्हणत. जून १८६६ मध्ये फोर्ट लॅरमी येथे सरकारने वाटाघाटी बोलावल्या. विषय एकच होता: वाट द्याल का? बोलणी चालू असतानाच कर्नल कॅरिंग्टन पलटण घेऊन हजर झाला. त्याच वाटेवर गढ्या बांधण्याचा हुकूम त्याच्या खिशात होता. एकीकडे विचारायचे, दुसरीकडे हुकूम काढून मोकळे व्हायचे, ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. रेड क्लाउड बैठकीतून उठून गेले.

मग दोन वर्षे लढा चालला. शायेन आणि अरापाहो हे शेजारीही त्यांच्या बाजूला आले. २१ डिसेंबर १८६६ रोजी फिल कर्नी गढीबाहेर कॅप्टन फेटरमनची तुकडी सापळ्यात सापडली आणि सर्वच्या सर्व ८१ जण मारले गेले. पुढल्या वर्षी सैन्याच्या हाती नव्या बंदुका आल्या आणि लाकोटांचीही माणसे पडली. तरी वाट खुली झाली नाही. गढीतल्या सैनिकाला सरपण आणायलासुद्धा पहारा लागे.

अखेर सरकार नमले. पण रेल्वेवाल्यांनी यातली एक गोष्ट प्रामाणिकपणे ध्यानात घ्यावी. त्याच सुमारास युनियन पॅसिफिकचे रूळ झपाट्याने पश्चिमेकडे सरकत होते. रूळ पुढे गेले की माँटानाला जायला दुसरी वाट मिळणार होती, आणि रुळांच्या राखणीला सैन्यही हवे होते. म्हणून गढ्या सोडणे सरकारला परवडले. १८६८च्या तहात लोहमार्गाला विरोध करणार नाही, असे कलमही घालून घेतले. गव्यांचे कळप पुढे ज्या वेगाने संपले त्यात रेल्वेचा हात मोठा होता. रूळ टाकणारे आयरिश मजूर आपल्यासारखेच पोटासाठी आलेले. जमीन कोणाची, हे त्यांना कोण सांगणार?

एप्रिल १८६८ मध्ये तहाचा कागद तयार झाला. इतर काही पुढाऱ्यांनी सह्या केल्या. रेड क्लाउड यांनी निरोप धाडला की आधी गढ्या रिकाम्या करा, मग सही. उन्हाळ्यात तिन्ही गढ्या सुटल्या, फिल कर्नी तर जाळली गेली. तरीही हे गृहस्थ धावत गेले नाहीत! हिवाळ्याच्या मांसाची बेगमी केली आणि ६ नोव्हेंबरला येऊन सही केली. आश्वासनावर संप मागे घेऊन नंतर पस्तावलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचताना काय वाटले, ते सांगायला नको.

तहात एक कलम मोलाचे होते. ब्लॅक हिल्ससह मोठा मुलूख लाकोटांचा राहील आणि प्रौढ पुरुषांपैकी तीन-चतुर्थांशांच्या सह्या असल्याशिवाय त्यातील जमीन कोणालाही देता येणार नाही.

१८७० मध्ये ते शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनला गेले. सरकारने त्यांना तोफा दाखवल्या, मेजवान्या दिल्या. तिथे तहाची कलमे वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले की हे आम्हाला असे सांगितलेच नव्हते. दुभाष्याने एक सांगितले, कागदावर दुसरे निघाले. न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात त्यांनी हे जनतेपुढे मांडले आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. मिसुरी नदीकाठी जाऊन राहा हा सरकारचा आग्रह त्यांनी मोडून काढला.

पुढचे काम शिध्याचे. तहाप्रमाणे मिळणारे पीठ, कॉफी, मांस निकृष्ट येई, मधले लोक पैसा खात. १८७४ मध्ये मार्श नावाचे येल विद्यापीठाचे प्राध्यापक जुनी हाडे खणायला आले. रेड क्लाउड यांनी त्यांच्या हाती खराब मालाचे नमुने दिले आणि ते वॉशिंग्टनला पोचवण्याचा शब्द घेतला. मार्श यांनी शब्द पाळला, ते थेट राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापर्यंत गेले. चौकशी बसली. १८७५ मध्ये गृहखात्याचे मंत्री डेलानो यांना जावे लागले. त्यांच्यावर आणखीही आरोप होते, पण या नमुन्यांचा वाटा लहान नव्हता. नुसती तक्रार दप्तरात पडून राहते, पिठाचा नमुना टेबलावर ठेवला की साहेबाला वास येतो.

आता कटू भाग. १८७४ मध्ये कस्टरच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याची बातमी आणली. १८७६ची लढाई सिटिंग बुल आणि क्रेझी हॉर्स यांनी लढली, रेड क्लाउड तीत उतरले नाहीत. त्याच वर्षी सरकारने सांगितले की डोंगर द्या, नाहीतर शिधा बंद. मुलाबाळांची पोटे समोर होती. त्या कागदावर रेड क्लाउड यांनीही सही केली. एकूण सह्या मात्र प्रौढ पुरुषांच्या दहा टक्क्यांच्या आसपासच भरल्या. तीन-चतुर्थांशांचे कलम गुंडाळून ठेवून १८७७ मध्ये कायदा झाला. त्याआधीच त्यांच्या लोकांचे घोडे आणि बंदुका काढून घेतल्या होत्या.

तरुणांनी त्यांना विकला गेलेला म्हटले. आमचे मत तसे नाही. घोडा गेला, बंदूक गेली, गवा संपत आला, तरी हा माणूस अर्ज, शिष्टमंडळ, साक्ष या मार्गाने आणखी तीस वर्षे झगडला. पाइन रिजच्या मॅकगिलिकडी नावाच्या अधिकाऱ्याशी त्यांचे सात वर्षे वैर चालले आणि १८८६ मध्ये अधिकारी गेला. पोरांना शिक्षण हवे म्हणून शाळेसाठी पाठपुरावा केला, १८८८ मध्ये मिशनची शाळा निघाली. १८८९च्या जमीन-तोडणीला विरोध केला, तिथे हरले. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे सैन्याने बायकामुलांसह दीडशेहून अधिक माणसे मारली, तेव्हा ते त्याच भागात होते. हे थांबवणे त्यांच्या हाती राहिले नव्हते. शेवटी दृष्टी जवळजवळ गेली. १० डिसेंबर १९०९ रोजी पाइन रिजवर त्यांचे निधन झाले.

त्या तीन-चतुर्थांशांच्या कलमाचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहते. लाकोटांनी खटला सोडला नाही. ३० जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्स घेतल्याबद्दल भरपाई देणे लागते, असा निकाल दिला. १ कोटी ७१ लाख डॉलर आणि १८७७ पासूनचे व्याज, मिळून साडेदहा कोटींच्या आसपास. लाकोटांनी ते पैसे उचलले नाहीत. डोंगर विकलाच नाही तर किंमत कसली घ्यायची, असे त्यांचे म्हणणे. पाइन रिज हा त्या देशातल्या अतिगरीब भागांपैकी एक आहे. तरी ती रक्कम सरकारी खात्यात व्याजाने वाढत शंभर कोटी डॉलरांच्या वर गेली आहे, आणि सही अजून झालेली नाही.