गिरनारच्या पायऱ्या आणि गेटवरचा माठ

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काका, गिरनारवर दहा मिनिटं बोला." सर्वसाधारण सभेत मी किती वेळ घेतो हे त्यांना माहीत आहे, म्हणून आधीच वेळ बांधून दिली!

मी मूळचा केनवडचा. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. आमच्या जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वती स्वामींचं जन्मस्थान, त्यामुळे घरात दत्तभक्ती लहानपणापासूनची. "एकदा गिरनारले जाऊन ये," हे आईचं नेहमीचं सांगणं. ती असेपर्यंत जमलं नाही. ती गेल्यावर, मार्च 2019 मध्ये, आपल्या ए विंगमधले आम्ही चौघं जुनागढला गेलो.

तेव्हा रोपवे नव्हता. तो ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाला, आणि तोही अंबाजीपर्यंतच. पायऱ्या 9,999 म्हणतात. मी पाचशेनंतर मोजणं सोडलं. उन्हाच्या आधी वर पोचावं म्हणून मध्यरात्री भवनाथ तळेटीहून काठी टेकत निघालो. आधी नेमिनाथांची जैन मंदिरं, मग अंबाजी, मग गोरखनाथ शिखर. हे गुजरातमधलं सर्वांत उंच ठिकाण, अकराशे मीटरच्या वर. तिथून पुन्हा खाली उतरायचं आणि दत्तशिखर चढायचं. सकाळी पादुकांवर डोकं ठेवलं, आईचं नाव घेतलं. खाली कमंडलू कुंडावर प्रसादाचं जेवण झालं. कोण, कुठले, काही विचारत नाहीत, पंगतीत बसवतात.

खरी परीक्षा परतताना. उतरलेलं सगळं पुन्हा चढायचं असतं. गिरनार काही वाळवंट नाही, पण मार्चमधल्या दुपारी तो काळा दगड तव्यासारखा तापतो, गवत वाळून पिवळं पडलेलं, सावली नाही. गोरखनाथाच्या चढावर माझी बाटली संपली. सोबती पुढे गेले होते. पायात गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवरच बसलो. खरं सांगतो, वाटलं, आता काही आपण घरी जात नाही.

बाजूला ताडपत्री बांधलेलं एक छोटं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईनं हाक मारली, "आवो भाई, बेसो. पाणी पीओ." तिच्या नवऱ्यानं मला धरून पोत्यावर आडवं केलं, तळपाय चोळले. तिनं माठातलं पाणी दिलं, थोड्या वेळानं मीठ-साखर घालून लिंबाचं सरबत. तासाभरानं मी माणसात आलो. पाकीट काढलं तर म्हणाली, "सरबताचे वीस रुपये द्या. पाण्याचे नाही घेत." आणि ते पाणी कसं येतं? तिचा मुलगा रोज खालून डोक्यावर आणतो.

इजिप्तमध्ये सिनाई पर्वतावरही लोक असेच रात्री चढतात आणि वाटेवर बेदुइन चहा देतात, असं मी वाचलं होतं. पण मला आठवलं केनवडचं आमचं घर. पंढरपूरला निघालेली दिंडी आली की आई ओसरीवर घागर घेऊन उभी राहायची. कोणी काही सांगायला लागलं की म्हणायची, "आधी पाणी पे बाप्पा, मंग बोल."

आणि त्याच वेळी आणखी एक आठवलं. ते आज सांगायचं म्हणूनच मी उभा आहे. आदल्या वर्षी मे महिन्यात आपली लिफ्ट बंद होती. पार्सल घेऊन एक मुलगा चौथ्या मजल्यावर आला, घामानं निथळत. म्हणाला, "काका, पाणी मिळेल?" मी जाळीच्या दारातूनच सांगितलं, "खाली पंपापाशी नळ आहे." घरात फ्रीज भरलेला होता. मी त्या आईचा मुलगा! तो काही बोलला नाही, उतरून गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळेटीच्या रस्त्यावरचा अशोकाचा शिलालेख पाहिला. माणसांसाठी आणि जनावरांसाठी वाटेवर विहिरी खोदल्या, झाडं लावली, असं त्यात आहे. त्याच खडकावर राजा रुद्रदामनाचाही लेख आहे, इसवी सन 150 च्या सुमाराचा. वादळात फुटलेलं सुदर्शन तलावाचं धरण त्यानं बांधून दिलं, आणि त्यासाठी प्रजेवर जादा कर बसवला नाही, हे मुद्दाम कोरून ठेवलं. खजिनदारांनी नोंद घ्यावी! विशेष वर्गणी न काढता केलेलं काम दगडावर कोरण्याइतकं मोठं असतं.

मंडळी, पंचवीस वर्षांत आपण बोअर घेतली, टाक्या बांधल्या, पाण्यावरून भांडलोही. आता माझी एकच विनंती आहे. गेटवर एक माठ ठेवू या. वॉचमन, पार्सलवाले, कचरा गोळा करणाऱ्या ताई, कोणीही यावं आणि न विचारता प्यावं. वर्गणी नको. माठ मी आणला आहे, स्टेजच्या मागे ठेवला आहे. भरायच्या पाळ्यांची वही सोबत आहे. सोमवारी माझं नाव मी लिहिलंय. सहा वार रिकामे आहेत.